त्या हिवाळ्यातले तारे

भात कापून झालं की जामसंड्याच्या वरच्या सड्यावरचं, म्हणजे उघड्या कातळपठारावरचं, गवत बघता बघता पिवळं पडतं. पावसाळाभर याच कातळावर पाणी साचलेलं असतं, त्यात बारीक निळी फुलं डोलत असतात. मग एक दिवस वर जावं तर सगळं वाळून सळसळायला लागलेलं. संध्याकाळी खाडीकडून गार वारा सुटतो. बागायतदार आपापल्या आंब्याच्या कलमांखाली उभे राहून शेंडे न्याहाळतात आणि रस्त्यात कुणी भेटलं की आधी थंडीची चौकशी करतात. थंडी पडली तर मोहोर धरणार, मोहोर धरला तर वर्ष नीट जाणार. शाळेत शिक्षकांच्या खोलीतसुद्धा हाच विषय असतो. "औंदा थंडी बरी पडतली," असं कुणीतरी म्हणतं आणि बाकीचे माना डोलावतात.

मीही डोलावते. आमचं एकही कलम नाही. पण बरीच वर्षं आमच्या घरातही थंडीची वाट बघितली जायची. हवा कोरडी झाली, दर्यावरचं धुरकं गेलं की आभाळ खोल होतं, आणि सुहास माळ्यावरून कॅमेऱ्याचं तिकाटणं खाली काढायचा. आता माळ्यावर कुणी चढत नाही. तरी पहिला गार वारा पडवीत शिरला की माझे हात आपोआप लोकरीच्या टोप्या शोधायला लागतात. तीन टोप्या. मग मी त्या परत ठेवून देते.

सुहास माझा नवरा. जामसंड्याच्या बाजारात त्याचा फोटो स्टुडिओ होता. लग्नं, बारशी, शाळेचे वर्गफोटो, पासपोर्टचे फोटो, आणि अधूनमधून एखाद्या म्हाताऱ्याचा, घरच्यांनी भिंतीवर लावण्यासाठी आधीच काढून ठेवलेला फोटो. हे त्याचं दिवसाचं काम. रात्रीचं काम कुणी सांगितलेलं नव्हतं. हिवाळ्यात सवड मिळाली की तो सड्यावर जायचा, कातळावर कॅमेरा उभा करायचा आणि आभाळाचे फोटो काढायचा. मी मसुऱ्याची. तिथे आमच्या घरी रात्री अंगणात जायचं ते भांडी आत आणायला. वर बघायचं काही कारण असतं हे मला लग्नानंतर कळलं.

पहिल्या हिवाळ्यात त्याने मला एक फोटो दाखवला. सड्याच्या टोकावरचं एक वाऱ्याने वाकलेलं झाड, खाली समुद्राची काळी पट्टी, आणि झाडाच्या मागून वर गेलेला प्रकाशाचा जाड पट्टा, कुणी मूठभर पीठ फुंकरून दिल्यासारखा. मी विचारलं, "ह्या खंयचा?"

"आपल्याच सड्यावरचा. कालचा."

"काल तर मी पण होतंय थंय. माका असा काय दिसला नाय."

तो खूश झाला. हेच त्याला समजावून सांगायचं असायचं. "डोळो धीर धरणा नाय गो," तो म्हणाला. "डोळ्याक एका क्षणात जितक्या मिळता तितक्याच. कॅमेरो उघडो ठेवून उभो रवता. थेंब थेंब उजेड जमवता." चंद्राचं मात्र उलटं, असं तो सांगायचा. चंद्र म्हणजे उन्हात पडलेला दगड, त्याचा फोटो उन्हातल्या वस्तूसारखा झटकन काढायचा. उशीर केला की नुसता पांढरा डाग येतो. पुनवेच्या संध्याकाळी सह्याद्रीच्या काळ्या रेघेमागून चंद्र वर येताना, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे तोच समुद्रात उतरताना, असे दोन्हीकडचे फोटो त्याने कितीतरी काढले. कुठल्या महिन्यात चंद्र कुठल्या डोंगराच्या खांद्यावरून निघणार हे तो आधी चार दिवस घोकत बसायचा. मला हसू यायचं. हळूहळू मीही घोकायला लागले.

केतकी झाली तशी तीही आमच्याबरोबर यायला लागली. कांबळ्यात गुंडाळलेली, नाक लाल झालेलं, तिकाटण्याच्या पायाशी झोपलेली. ती झोपलेली असतानाच तिच्या डोक्यावर मृग चढायचा आणि तिच्या बापाला तिला उठवून दाखवावंसं वाटायचं. मी उठवू द्यायची नाही. अजून पुष्कळ हिवाळे आहेत, म्हणायची.

सुहास ठेचकाळायला कधी लागला ते मला नक्की सांगता येणार नाही. असल्या गोष्टींना सुरुवात नसते. एका लग्नात संध्याकाळी मंडपातल्या खुर्चीला अडखळून तो कॅमेऱ्यासकट पडला, तेव्हा सगळे हसले, तोही हसला. दिवे लागल्यावर तो मोटारसायकल चालवेनासा झाला. हेडलाइट नीट नाही म्हणाला. हेडलाइट बदलली, तरी चालवेना. सड्यावर जायचं तर मग रऊफभाईंच्या टेम्पोतून जायला लागलो. रऊफभाई त्याचे शाळेपासूनचे मित्र. देवगड बंदरावरून मासळी उचलून आतल्या गावांत विकायचा त्यांचा धंदा. टेम्पोला कायम बांगड्याचा वास. ते आम्हाला वर सोडायचे आणि पुढे बसून बिडी ओढत समुद्राकडे बघायचे. समुद्रावर रात्री मोठमोठ्या दिव्यांच्या बोटी उभ्या असायच्या, मासळीला उजेडाने भुलवून ओढणाऱ्या. क्षितिजावर गाव वसल्यासारखा पांढरा झगझगाट. "तुझ्या ताऱ्यांक खाल्ल्यानी आणि आमच्या म्हावऱ्यांक पण," असं रऊफभाई सुहासला म्हणायचे.

त्या वर्षी नवरात्रात पाऊस एकदम थांबला. हंगामातली पहिली फेरी म्हणून आम्ही वर गेलो. केतकी घरीच होती, तिची चाचणी होती. सूर्य बुडून पुरता अंधार झाला होता. पश्चिमेला समुद्रावर वृश्चिक उतरत होता, वाकडी नांगी वर, डोकं पाण्यात गेलेलं. सुहासने कॅमेरा लावला. मी सहज म्हटलं, "नांगी काय स्पष्ट दिसता बघा आज."

"हां, थंय ना," असं म्हणून त्याने बोट दाखवलं.

मी त्याच्या खांद्याशी जाऊन बोटाच्या रेषेत बघितलं. तिथे काही नव्हतं. म्हणजे आभाळ होतं, दोनचार बारके तारे होते, पण नांगी त्याच्या बोटापासून बरीच डावीकडे होती. मला वाटलं थट्टा करतो आहे. मी त्याचा हात धरून डावीकडे नेला. हात जड लागला. त्याने तो माझ्या हातात तसाच राहू दिला.

"आता माका तारे दिसणत नाय गो," तो म्हणाला. "बरीच वर्सां झाली. चंद्र दिसता. शुक्र दिसता. बाकी सगळा काळा."

"मगे फोटो कशे काढतास?"

"सवयीन. खंयची वेळ, खंयची दिशा, ता माका पाठ आसा. काढल्यावर कॅमेऱ्याच्या पडद्यार बघतंय. थंय दिसतत."

त्याने बटण दाबलं. कॅमेरा उघडा राहिला. आम्ही दोघं जागच्या जागी उभे होतो, कारण त्या वेळात हलायचं नसतं. मग पडद्यावर फोटो उमटला आणि त्याने चेहरा अगदी जवळ नेऊन तो बघितला. पडद्याचा निळसर उजेड त्याच्या गालावर पडला होता. इतकी वर्षं मी समजत होते की तो फोटो नीट आला का ते तपासतो. तो तेव्हा आभाळ बघत असायचा.

घरी येताना टेम्पोत त्याने आपल्या आईचं सांगितलं. मी तिला कधी पाहिलं नव्हतं, आमच्या लग्नाआधीच ती गेली. दिवेलागणीनंतर ती उंबऱ्याबाहेर पाऊल टाकायची नाही. पुढे पुढे दिवसाही भिंतीला हात लावत चालायची. चुलीच्या धुराने डोळे गेले, असं सगळे म्हणायचे. तोही तसंच समजत होता, स्वतःला दिसेनासं होईपर्यंत.

कोल्हापूरला डोळ्यांच्या दवाखान्यात गेलो. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, सावकाश बोलत होत्या. त्यांनी सुहासला एका यंत्रासमोर बसवून दिवे दाखवले, दिवा दिसला की बटण दाबायला सांगितलं. मी बाजूच्या स्टुलावर बसून बघत होते. दिवे लागत होते आणि सुहासचा अंगठा बटणावर स्थिर होता.

"हा डोळ्याच्या आतल्या पडद्याचा आजार आहे," त्या म्हणाल्या. "अंधारात बघणाऱ्या पेशी आधी जातात. मग कडेची नजर आत आत येत जाते. मधली शेवटपर्यंत टिकते, पण तीही कमी होते. यावर आज तरी औषध नाही. खोटी आशा मी देणार नाही." मग त्यांनी कागदावरून मान वर करून विचारलं, "मुलं किती?"

"एक मुलगी. सातवीत आहे," मी म्हटलं.

"तिलाही घेऊन या."

परतीच्या गाडीत सुहास खिडकीशी बसला होता. घाट उतरताना म्हणाला, "आधी घरातच बघू." तीच इच्छा माझीही होती. दवाखान्यातलं ते बटण माझ्या लेकीच्या हातात बघायची माझी तयारी नव्हती.

भाऊबीज होऊन गेली आणि आम्ही तिघं सड्यावर गेलो. पश्चिमेला चंद्राची बारीक कोर होती. केतकीने टेम्पोतून उतरायच्या आधीच ती बघितली आणि रऊफभाईंना दाखवली. ते म्हणाले, "चेडवाची नजर बघ. आमच्या जमातीत असता तर ईदेचो चांद हिनाच पयलो बघितलो असतो." सुहास मोठ्याने हसला. मला आठवतं, मलाही तेव्हा हलकं वाटलं. कोरीच्या आतलं उरलेलं चंद्रबिंब त्या दिवशी फिकट राखाडी दिसत होतं. ते तिला दिसतं का हे विचारायचं माझ्या मनात आलं, पण मी विचारलं नाही.

कोर समुद्रात गेली. डोळे अंधाराला सरावेपर्यंत आम्ही कातळावर बसून राहिलो. कातळ अजून दिवसाच्या उन्हाने कोमट होता. पूर्वेला कृत्तिका चांगल्या वर आल्या होत्या, एका मुठीत धरता येतील एवढ्या जवळजवळ. केतकी लहान असल्यापासून सुहास तिला त्यांच्या गोष्टी सांगत आला होता.

"केतू, कृत्तिका खंय आसत?" त्याने विचारलं. आवाज साधा ठेवला होता.

"त्यो बघा."

"किती आसत?"

"सात."

तिचं बोट उत्तरेकडे होतं, तिथे एकच ठळक तारा होता. माझ्या धड डोळ्यांनाही कृत्तिका सहाच दिसतात. सात पुस्तकात असतात. तिने पुस्तकातला आकडा सांगितला होता, शाळेत पोरं सांगतात तसा, बाईंना बरं वाटावं म्हणून.

सुहासने तोंड माझ्याकडे वळवलं. पोरगी बरोबर बोलली की चूक हे त्याला कळायला दुसरा मार्ग नव्हता. आणि अंधारात त्याला माझा चेहराही दिसत नव्हता. मी त्याचा हात धरला आणि दाबला. बराच वेळ दाबून ठेवला. त्याला कळलं.

"शाबास," तो तिला म्हणाला.

कोल्हापूरला पुन्हा गेलो, ते नुसतं शिक्का मारून घ्यायला गेल्यासारखं. डॉक्टरीणबाईंनी केतकीशी गप्पा मारल्या, तिच्या शाळेचं विचारलं, आणि आम्हाला आत बोलावून सांगितलं की तिची सुरुवात लवकर झाली आहे. पुढचं किती वर्षांत, हे त्या सांगू शकत नव्हत्या. केतकीला आम्ही एवढंच सांगितलं की रात्री थोडं कमी दिसेल, टॉर्च घेऊन चालायचं. तिने मान हलवली. तिने काहीच विचारलं नाही, याचं मला तेव्हा आश्चर्य वाटलं नाही. आता वाटतं.

त्यानंतर सुहासला घाई झाली. दुसरा शब्द नाही. आभाळ स्वच्छ असेल त्या प्रत्येक संध्याकाळी तो शाळेच्या फाटकाशी उभा असायचा. आज सडा, उद्या किनारा, परवा माझ्या माहेरी मसुऱ्याला, खाडीच्या पाण्यावर पुनवेचा चंद्र उगवताना बघायला. रऊफभाईंनी बाजाराच्या वेळा बदलल्या, कधी तक्रार केली नाही. कॅमेरा आता एक निमित्त होतं. तो फोटो काढायचा, पडदा केतकीसमोर धरायचा, मग म्हणायचा, "आता वर बघ. थंयच आसा. बारीक बघ." जेवढं तिच्या डोळ्यांत अजून मावेल तेवढं भरून ठेवायचं, असं काहीतरी त्याच्या मनात होतं. दुष्काळ पडणार हे कळलेला माणूस भांडीकुंडी सगळी भरून ठेवतो तसं.

एका संध्याकाळी किनाऱ्यावर लाटा पेटल्या होत्या. थंडीत कधी कधी होतं तसं, लाट फुटली की तिच्या कडेला निळा उजेड धावायचा, ओल्या वाळूत पाय टाकला की पायाखाली ठिणग्या. मी आयुष्यात इतकं सुंदर काही पाहिलं नव्हतं. सुहास गुडघाभर पाण्यात उभा राहून हातांनी पाणी उडवत होता, त्याला त्यातलं काही दिसत नव्हतं. "केतू, दिसता?" तो विचारत होता. "निळा निळा?"

"हो बाबा."

"खंय दिसता? दाखव."

ती लाटेच्या आवाजाच्या दिशेने बोट करत होती. प्रत्येक वेळी. आवाज जिकडून येईल तिकडे. मी तिला जवळ घेतलं तर तिचे खांदे थंडीने कापत होते.

शाळेत ती बाकावर झोपायला लागली. वर्गशिक्षिका माझ्याच खोलीत बसणाऱ्या, त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं. रात्री मी सुहासला म्हटलं, "आता पुरे करा. तिचो अभ्यास बुडता."

"अभ्यास मगे पण होतलो," तो म्हणाला. "ह्या मगे व्हवचा नाय."

त्याचं चूक आहे असं म्हणावं तर म्हणता येत नव्हतं, आणि पोर दमत होती हेही खरं होतं. आई म्हणून मी कुठे उभं राहायचं ते मला त्या हिवाळ्यात समजलं नाही. मी दोघांच्या टोप्या, थर्मासमधला चहा आणि टॉर्च सांभाळत राहिले.

मग अवसेच्या आसपासची ती संध्याकाळ. सड्यावर वारा बोचरा होता. खालच्या बागांतून फवारणीचा उग्र वास वर येत होता. समुद्रावरच्या त्या दिव्यांच्या बोटी नेमक्या त्या दिवशी आल्या नव्हत्या, म्हणून सुहासला मोठा आनंद झाला होता. असा काळोख पुन्हा मिळायचा नाही, म्हणत होता. मृग पुरता वर आला होता, त्याच्याखाली व्याध लखलखत होता. सुहासने एक फोटो काढला, दुसरा काढला. पडदा केतकीपुढे धरला.

"ह्यो बघ मृग. हे तीन, ह्यो बाण. बाणाखाली हो धूर बघितलंस? थंय नवीन तारे होतत."

"हां."

"आता वर बघ."

"बघलंय."

"नीट बघ गो. डोळे बारीक कर."

"बघलंय, बाबा."

"नाय, तू बघूक नाय. माका कळता. परत बघ."

केतकी उठून उभी राहिली. कांबळं खाली पडलं. ती रडत नव्हती. तिने अगदी सरळ विचारलं, "तुमी माका ह्या सगळा कित्याक दाखवतास? तुमका दिसणा नाय म्हणान, की माका पण मगे दिसाचा नाय म्हणान?"

टेम्पोजवळ रऊफभाई होते, त्यांच्या बिडीचा लाल ठिपका खाली गेला आणि विझला.

"कोणी सांगितल्यान तुका?" सुहासने विचारलं.

"कोणी नाय. दवाखान्यात भिंतीर चित्रा होती. खाली लिवलेला होता. मी वाचलंय." मग ती म्हणाली, "माका तारे दिसणत नाय. वर बघलंय की कायच नसता. मी तुमका दिसतत म्हणान सांगतंय, कारण तुमका बरा वाटता. पण माका थंडी वाजता, बाबा. माका घराक जावचा आसा."

सुहास कॅमेरा काढायला लागला. तिकाटण्याचा खटका त्याला सापडेना, बोटं पुन्हा पुन्हा त्याच जागी चाचपत होती. मी टॉर्च लावणार, तेवढ्यात केतकीने पुढे होऊन हाताने चाचपतच तो खटका उघडून दिला. मग तिने बापाच्या कोपराला धरलं. पुढे टॉर्च घेऊन मी, मागे एकमेकांना धरून ते दोघं, पायाखालचा कातळ पायाने तपासत. रऊफभाई समोरून आले. त्यांनी सुहासचा दुसरा हात धरला आणि म्हणाले, "चल रे. आज खूप झाला." टेम्पोत आम्ही चौघं दाटीने बसलो. केतकी माझ्या मांडीवर डोकं टेकून खरोखरच झोपली. ती किती दिवसांची जागी होती, असं मला वाटून गेलं. दुसऱ्या दिवशी सुहास शाळेच्या फाटकाशी आला नाही. त्या हिवाळ्यातले उरलेले दिवस स्वच्छ आणि कोरडे गेले, मोहोर जोरदार आला, आणि आम्ही घरी बसून राहिलो.

त्याला आता काही वर्षं झाली. सुहासची नजर पपईच्या पोकळ देठातून बघावं तेवढीच उरली आहे. माणूस अगदी समोर येऊन उभा राहिला तर ओळखतो, एक डोळा, मग नाक, मग हनुवटी, असं तुकड्यातुकड्याने. स्टुडिओ दुसऱ्याने घेतला. तो सकाळी रऊफभाईंनी नंतर टाकलेल्या मासळीच्या दुकानात बसतो, फोनवरून येणाऱ्या मागण्या ऐकतो आणि कुणाला काय हवं ते तोंडपाठ सांगतो. घरी सड्याचे ते मोठे फोटो अजून भिंतीवर आहेत. त्यांच्यावर धूळ बसली का असं अधूनमधून विचारतो. मी पुसते. कुठला फोटो पुसते आहे ते सांगितलं की तो त्या संध्याकाळी वारा कुठून होता तेही सांगतो. केतकीशी त्याचं त्या रात्रीबद्दल कधीही बोलणं झालं नाही. निदान माझ्यासमोर नाही.

केतकी कणकवलीला कॉलेजात आहे, वसतिगृहात राहते. घरी यायचं तर दुपारच्या एसटीने येते, म्हणजे उजेडात पोचता येतं. मैत्रिणींपैकी कुणाकुणाला तिने सांगितलं आहे, सगळ्यांना नाही. नातेवाईक तिच्या लग्नाचं आता विचारत नाहीत. आधी विचारायचे. मागच्या सुट्टीत एका दुपारी मी स्वयंपाकघरातून बघितलं, ती डोळे घट्ट मिटून मागल्या दारापासून विहिरीपर्यंत चालत होती. हात पुढे नव्हते केलेले, नेहमी चालतो तसे सोडलेले होते. विहिरीच्या कठड्याशी पोचली, उभी राहिली, परत फिरली. मग पुन्हा तेच. मी हाक मारली नाही. भाजी करपल्याचा वास आला तेव्हा मी चुलीकडे वळले.

माझं काय झालं, ते मला सांगायला जमेल असं वाटत नाही. मला आभाळाचं वेड कधी नव्हतं. ते मला त्या माणसाने लावलं, आणि आता घरात तिघं असून तारे दिसणारी मी एकटी. घरात दोघं उपाशी असताना एकटीनेच ताटावर बसावं तसं होतं. परिसर अभ्यासात आकाशाचा धडा येतो, त्याखाली रात्री अंगणात जाऊन तारे बघून या असा स्वाध्याय असतो. तो मी वर्गात देत नाही. एवढंच काय ते मला करता येतं. बाकी रात्री बाहेर जावं लागलं की मान खाली घालून जायचं ठरवते, आणि दर वेळी वर बघते.

यंदा दिवाळीला केतकी आठवडाभर राहून गेली. जायच्या आदल्या दिवशी जेवणं झाली, सुहास आत रेडिओ लावून पडला होता. दोरीवरचे कपडे दवाने ओलावतील म्हणून मी अंगणात गेले. चंद्र नव्हता. रस्त्यावरचा दिवा बंद होता. माडांच्या शेंड्यांपासून शेजारच्या कौलांपर्यंत आभाळ असं भरलं होतं की जागा उरली नव्हती. एक तारा समुद्राच्या बाजूला तुटला आणि लांबवर रेघ ओढत गेला. मी हातात ओला टॉवेल घेऊन उभी राहिले.

केतकी पडवीत आली. दिव्याखालून पुढे आली नाही, पायरीच्या अलीकडे थांबली.

"आई, आज आभाळ कसा आसा गो?"

इतक्या वर्षांत तिने हे पहिल्यांदा विचारलं होतं. मी वर बघितलं, मग तिच्याकडे बघितलं.

"ढग आसत," मी म्हटलं.

"सगळीकडे?"

"सगळीकडे."

"बरा," ती म्हणाली, आणि दाराच्या चौकटीला हात लावून आत गेली.